अंधेरीचा संघ, मग सामना पुण्यात का?

मुंबई सिटी एफसी २०१६ पासून अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर खेळते. पण २०२३ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगचा पहिला ‘घरचा’ सामना झाला पुण्यात, बालेवाडीला! सौदीच्या अल हिलालविरुद्धचा नवी मुंबईत.

कारण काय? अंधेरीचं मैदान जेमतेम काही हजार प्रेक्षकांचं. आशियाई स्पर्धेच्या निकषांत ते बसलं नाही.

मेलबर्नमध्ये कॉलिंगवूड, रिचमंड या ऑस्ट्रेलियन रूल्सच्या उपनगरी क्लबांनीही आपली जुनी मैदानं सोडली. पण गेले त्याच शहरातल्या, लाखभर प्रेक्षकांच्या एमसीजीवर.

अंधेरीच्या चाहत्याला मात्र एक्स्प्रेसवे गाठावा लागला. आयएसएल चषक दोनदा जिंकूनही मोठं फुटबॉल स्टेडियम मुंबईत नाहीच.