एक जीबीच्या चाचणीवर विसंबू नका

संपादक महोदय,


गेल्या अंकातील लेखात स्वस्त एसएसडींचा लेखनवेग क्रिस्टलडिस्कमार्क या वेगमापक प्रोग्रामच्या आकड्यांवरून ठरवला आहे. हे मला मान्य नाही. ही चाचणी सहसा १ जीबीच्या फाइलवर चालते आणि तेवढा डेटा ड्राइव्हच्या एसएलसी कॅश या वेगवान तात्पुरत्या भागातच मावतो. तिथे प्रत्येक पेशीत एकच बिट लिहायचा असतो, म्हणून वेग मिळतो. कॅश भरली की क्यूएलसी प्रकारच्या ड्राइव्हमध्ये प्रत्येक पेशीत चार बिट बसवावे लागतात. खरी परीक्षा तिथून पुढे सुरू होते. सॅमसंगच्या १ टीबी ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी ड्राइव्हचा जाहीर लेखनवेग सेकंदाला ५३० एमबी. पण सुमारे ४२ जीबीनंतर तो ८० वर येतो, हे कंपनीने स्वतःच तपशीलपत्रकात छापले आहे, याबद्दल तिचे कौतुकच. ८० म्हणजे अनेक साध्या हार्ड डिस्कपेक्षाही कमी! लग्नाचे चित्रीकरण उतरवून घेणाऱ्याला हा फरक आधी कळायलाच हवा.

म्हणून चाचणी घेताना ड्राइव्ह बराचसा भरून मग शंभर-दोनशे जीबी सलग लिहावेत, कारण अनेक स्वस्त ड्राइव्हमध्ये रिकामी जागा घटली की कॅशही आक्रसते. वेगाचा आलेख छापावा, नुसती सरासरी नको. घरगुती वापराला हे ड्राइव्ह पुरतात, हे लेखकाचे म्हणणे मात्र रास्त आहे.

आपला,
एक नियमित वाचक