यादीत नाव का नाही, एवढं तरी लिहून द्या



सप्टेंबर २०२५च्या पुरानंतर मदतीची सगळी चर्चा रकमेवर झाली. राज्य सरकारचं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज. कोरडवाहूला रब्बीच्या १० हजारांसह हेक्टरी साडेअठरा हजार. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख, वर रोजगार हमीतून तीन लाख. रक्कम कमी की पुरेशी, यावर पुष्कळ लिहून झालं. सोनपेठ तालुक्यात मात्र बऱ्याच जणांचं भांडण रकमेपर्यंत पोचतच नाही. ते यादीपाशीच अडतं.

आमच्याकडचा पूर आमच्या पावसावर अवलंबून नसतो. जायकवाडी धरणातून पाणी सुटतं, माजलगाव धरण भरलं की सिंदफणा मंजरथला गोदावरीत उतरते आणि दोन्हींचा लोंढा आमच्या तालुक्यातल्या खडक्याकडे येतो. गोदावरी फुगली की वाण नदीला पुढे सरकायला जागा उरत नाही. या दोन नद्यांच्या संगमावरच्या वाणीसंगमच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. त्या सप्टेंबरात जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या घरात गेला होता. एवढं पाणी कोणाच्या शिवारातून गेलं हे साऱ्या गावाला दिसतं. तरीही नुकसान झाल्याचं सिद्ध करायचं शेतकऱ्यानंच. पंचनामा, मग यादी, यादीत व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), तो नंबर घेऊन सेवा केंद्रावर अंगठा आणि मग पैसे पडण्याची वाट. फार्मर आयडी असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, हे चांगलंच झालं. पण सातबारा ज्याच्या नावावर नाही, त्याला आयडी तरी कुठून मिळणार?

अशी माणसं थोडी नाहीत. बाप जाऊन वर्षं झाली आणि वारस नोंद राहून गेली, असं एखादं तरी घर प्रत्येक गल्लीत आहे. चार भावांचं सामाईक खातं असेल तर संमतीपत्र लागतं. त्यातला एक पुण्यात, एक सुरतेला आणि उरलेल्या दोघांचं आपसात बोलणं नाही. ठोक्यानं किंवा बटईनं रान करणाऱ्याचं तर कागदावर अस्तित्वच नाही. बी-खत त्याचं, वाहून गेलं ते पीक त्याचं, अनुदान मात्र सातबारावाल्याच्या खात्यात. मालक भला असेल तर अर्धं देतो, नाहीतर विषय संपला. ज्या बाईचा नवरा गेला आणि जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, तिची गत काय होत असेल, हे वाचकांनीच ताडावं.

त्यात आमचा तालुका ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. नेमक्या त्याच दिवसांत याद्या लागतात आणि केवायसीचे निरोप फिरतात. दोन एकरांच्या अनुदानासाठी कोयता खाली ठेवून गावी यायचं, तर खाडा आणि गाडीभाडं यांतच त्यातला मोठा वाटा जातो. याद्या काढताना कार्यालयात कुणी हे कॅलेंडर बघत असेल, असं वाटत नाही.

पूर्वी निदान विम्याचं दार होतं. खरीप २०२५पासून तिथली स्थानिक आपत्तीची भरपाई गेली आणि सगळं पीक कापणी प्रयोगावर आलं. म्हणजे पुरात बुडालेल्या एकट्यादुकट्या रानाला आता सरकारी यादी हाच आधार.

नियम सैल केले की बोगस लाभार्थी घुसतील, असं महसूल खात्यातले लोक म्हणतात. ही भीती खोटी नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीचा अनुदान घोटाळा सगळ्यांनी वाचला. पण तिथे तलाठी निलंबित झाले, म्हणजे बोट यंत्रणेच्या आतल्यांकडेच होतं. ओटीपी आणि अंगठ्यानं गरीब अडतो. आत बसलेला अडत नाही. तीच यादी पैसे पडण्याआधी चावडीवर मोठ्यानं वाचली असती, तर ज्याचं रानच नाही त्याचं नाव गावानं चालू दिलं असतं का? गावाइतकी कडक तपासणी कुठल्याही पोर्टलला जमणार नाही. (गावकीचं राजकारण मध्ये येईल, हेही कबूल. पण ते उघड्यावर होईल.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. मदत नाकारली किंवा अडकली, तर त्याचं कारण नावासमोर लेखी द्या: केवायसी बाकी, बँक खातं आधारला जोडलेलं नाही, वारस नोंद नाही, नुकसान ३३ टक्क्यांच्या आत, जे असेल ते. पंचनाम्याची प्रत आणि हे कारण या दोन गोष्टी २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा म्हणून अधिसूचित करा. त्या कायद्यात मुदत आहे, अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंडही आहे. आज शेतकरी तहसीलला जातो, तिथून बँकेत, बँकेतून सेवा केंद्रावर, आणि प्रत्येक खिडकीवर ‘वरून होल्ड आहे’ एवढंच ऐकतो. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नाही.

बटईदाराचा प्रश्न कायद्याचा आहे, तो तालुक्यात सुटणार नाही. पण पेरणी कोणी केली याची ग्रामसभेची नोंद पंचनाम्याला जोडायला काय हरकत आहे? वारस नोंदीसाठी तर पूर येण्याची वाटही बघायला नको. हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागते, म्हणजे महिन्याभराचं काम. ऊसतोडीच्या टोळ्या एप्रिल-मेपर्यंत परततात. तेव्हा वाणीसंगम, थडी उक्कडगाव, खडका अशा नदीकाठच्या गावांत तलाठी, मंडळ अधिकारी आणि बँकेचा माणूस एकत्र बसवावेत. जिल्हाधिकाऱ्यांनी आदेश काढला तर हे मृग निघण्याआधी उरकू शकतं.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. सोनपेठ, जि. परभणी