शिवारात जिरते, मग शहरात का नाही?

जोराची सर आली की शहरातले काँक्रीटचे रस्ते नाल्यासारखे वाहतात. गटारे तुंबतात, काळे पाणी ओट्याला लागते. एप्रिल-मेमध्ये बोअर आटल्याची ओरडही त्याच वस्त्यांत असते.

शिरपूरकरांना तरी पाणी जिरवणे नव्याने शिकवायला नको. भूजल सर्वेक्षण यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी, आमदार अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने, २००४ पासून तालुक्यातले नाले रुंद-खोल करून त्यांवर सिमेंटचे बंधारे बांधले. त्यामागचे शास्त्र साधे. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत पिवळ्या चिकणमातीचे थर पाण्याला खाली जाऊ देत नाहीत. ते भेदले तर खालच्या वाळूच्या थरांपर्यंत पाणी पोचते. पुढे भूगर्भ न पाहता राज्यात जागोजागी नाले खोदले गेले, त्यावर तज्ज्ञांनी टीका केली, आणि ती योग्यच होती.

हीच खबरदारी शहरात हवी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे २,३०० लिटर पाणी जमते. ते पन्हळीतून गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात घेता येते. पण खड्डा चिकणमातीतच संपला तर ते डबकेच. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत उडू लागतो, म्हणून दोन दिवसांत पाणी ओसरत नसेल, तर खड्ड्याची जागा किंवा खोली चुकली असे समजावे.

रस्त्यावरचे पाणी मात्र थेट बोअरमध्ये सोडू नये. त्यात तेल, शेण, सांडपाणी सगळे असते. ते रस्त्याकडेच्या उथळ, गवत लावलेल्या चरातून न्यावे. गाळ आणि बरीचशी घाण माती-मुळ्या अडवतात. निंबाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याची हौस कोणाला सुचली कोण जाणे! झाडाभोवती चार फूट माती उघडी ठेवायला तर पैसाही लागत नाही.

नवे रस्ते आणि वसाहतींचे लेआउट मंजूर करतानाच नगरपरिषदेने असे चर आणि मोकळी जमीन नकाशात मागावी. एकदा काँक्रीट पडले की ते फोडायला पुढची दहा वर्षे कोणी येत नाही.