शर्ट-पँट शिवून घ्यायचीय? दुकानाची पाटी नंतर, आधी आतली ‘माया’ बघा

पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसासाठी मी एक फॉर्मल पँट विकत घेतली होती. तिला चार खिसे दिसत होते. घरी येऊन बघितलं तर मागचे दोन खोटे, नुसती शिवण मारलेले. पुढच्या दोनांत मोबाइल ठेवला की अर्धा बाहेर. कंबरेत बरोबर, मांडीत घट्ट. एक साइज मोठी घातली तर मांडीत बरोबर आणि कंबरेला मूठभर कापड जास्त. दोन वर्षांत मी अशा पाच पँटी घेतल्या. त्यातल्या तीन आजही कपाटात तशाच आहेत.

शेवटी बाबांच्या शिंप्याकडे गेले. गावाकडच्या मुख्य रस्त्यावरचं आठ बाय दहाचं दुकान, दोन मशीन, एक कारागीर. ‘लेडीज शिवत नाही,’ असं काकांनी आधीच सांगून टाकलं. मी म्हटलं, लेडीज नको, पँटच शिवा, फक्त मला बसेल अशी आणि खिसे तुमच्यासारखे. त्यांनी माझी त्यातल्या त्यात बरी बसणारी एक जुनी पँट मागून घेतली, टेबलावर पसरली, तिचंच माप घेतलं आणि कुठे सैल, कुठे घट्ट ते मला विचारत वहीत लिहिलं. आठ दिवसांनी मिळालेली ती पँट मी आजही घालते. पाच रेडिमेड पँटींच्या पैशांत अशा किमान सात झाल्या असत्या.

‘चांगला आणि परवडणारा शिंपी कुठे मिळेल?’ असं मित्रमैत्रिणी हल्ली मला सारखं विचारतात. कुठलंही एक नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. चांगला शिंपी ओळखायचा कसा हे कळलं, तर तो बहुधा तुमच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आतच सापडतो.

रेडिमेड का बसत नाही?

कंपनीला हजारो कपडे एकाच वेळी कापायचे असतात. म्हणून ती ठरावीक मापं धरते आणि एकाच्या प्रमाणात दुसरं वाढवत नेते. छाती ४० तर खांदा इतका, बाही इतकी. आपली शरीरं मात्र अशी प्रमाणात वाढत नाहीत. कुणाचं पोट पुढे, कुणाचे हात लांब, कुणी उंचीनं कमी पण खांद्यानं रुंद. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा थोडा खाली आहे, हे मला पहिल्यांदा शिंप्यानं सांगितलं. कॉलेजची चार वर्षं एका खांद्यावर बॅग वागवल्याचं ते फळ असावं.

मापात बसत नाही म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं ट्रायल रूममध्ये अनेकांना वाटतं. तसं नसतं. कपडा आपल्या मापानं कापलेलाच नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

महाग पडतं का? हिशोब मांडू

मी पुण्यात पेठांमधल्या आणि उपनगरातल्या काही साध्या दुकानांत विचारलं. फुल शर्टाची शिलाई साधारण ३५० ते ६०० रुपये, पँटची ४५० ते ८०० रुपये सांगितली गेली. तालुक्याच्या गावी याहून कमी, मोठ्या शोरूममध्ये बरीच जास्त.

मधला आकडा धरू. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर फुल शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं. मीटरला २५० रुपये धरले तर कापडाचे ४०० रुपये, शिलाई ४५०. शर्ट पडला ८५० रुपयांना. पँटला त्याच पन्ह्याचं साधारण १.२५ मीटर. मीटरला ४०० रुपये धरले तर ५००, शिलाई ६००. पँट ११०० रुपयांना. पूर्ण जोडी १९५० रुपये. ब्रँडच्या दुकानात एवढ्या पैशांत सेल नसेल तर बऱ्याचदा एकच नग येतो.

कापड घेताना पन्हा जरूर विचारा. ३६ इंच पन्ह्याचं कापड असेल तर शर्टाला सव्वादोन मीटरच्या आसपास लागतं. मीटरचा भाव कमी दिसतो म्हणून घेतलं आणि मीटरच जास्त लागले, असं इथेच होतं. उंच किंवा अंगानं भरलेल्यांनी आणि चौकडीचं कापड घेणाऱ्यांनी थोडं जास्त घ्यावं, कारण चौकड्या जुळवताना कापड जातं.

कापडासाठी पुण्यात लक्ष्मी रस्ता आणि रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता हे नेहमीचे पर्याय. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं सुती कापडही रोजच्या शर्टाला छान चालतं. फक्त सुती असेल तर शिवायला देण्याआधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या. सुती कापड आटतं. ते शिवल्यानंतर आटण्यापेक्षा आधी आटलेलं बरं.

शिंपी शोधायचा कुठे?

इंटरनेटवरचे तारे मोजत बसू नका. दुकान चकाचक असेल तर तारे मिळतात, पण दहा धुण्यांनंतर कॉलर कशी राहिली हे तिथे क्वचितच कुणी लिहितं. मला उपयोगी पडलेल्या जागा या:

• अल्टरवाले काका: फुटपाथवर किंवा साडीच्या दुकानाबाहेर मशीन टाकून बसणारे. गावभरातल्या बिघडलेल्या कपड्यांची शिवण ते रोज उसवतात. कुणाचं काम आतून स्वच्छ असतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

• कोर्ट आणि पोलीस लाइनच्या आसपासची दुकानं: वकिलांचे कोट आणि गणवेश शिवणाऱ्यांना पँटची बैठक चांगली जमते. गणवेशात ढिसाळपणा लगेच दिसतो.

• ऑफिसातले ज्येष्ठ सहकारी: ज्यांचा शर्ट खांद्यावर नीट बसतो, त्यांना सरळ विचारा. राग येत नाही, उलट खूश होतात.

महिलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगते. ब्लाउज आणि ड्रेस शिवणाऱ्यांना पँटची चेन, पट्टा, खिसा यांचा सराव अनेकदा कमी असतो, आणि जेंट्स टेलर नाही म्हणतात. मधला मार्ग म्हणजे कपड्यावरून माप. बरी बसणारी पँट किंवा शर्ट घेऊन जा आणि काय बदलायचं ते सांगा. शर्टाला छातीजवळ टक्स लागतील, हे आधीच बोलून घ्या. खिशाची खोली मोबाइल टेबलावर ठेवून दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुकानात गेल्यावर काय बघायचं?

माप द्यायच्या आधी तयार होऊन टांगलेला एखादा कपडा बघायला मागा. चांगला शिंपी आनंदानं दाखवतो. त्यात या पाच गोष्टी बघा.

१. माया: शिवणीच्या आत जे जादा कापड सोडलेलं असतं, त्याला शिंपीकामात माया म्हणतात. पँट उलटी करून मागची मधली शिवण बघा. कंबरेपाशी इंच-दीड इंच माया असेल तर उद्या वजन वाढल्यावर पँट सैल करता येते. रेडिमेडमध्ये ती बहुधा नसतेच. शिवून घेतलेला कपडा जास्त वर्षं टिकतो याचं मोठं कारण ही माया आहे.

२. टाके: एक इंच शिवणीत किती टाके आहेत ते मोजा. शर्टाला बारा ते सोळा असतील तर उत्तम. आठ-नऊच असतील तर काम घाईत उरकलंय.

३. कॉलर: दोन्ही टोकं जुळवून बघा, लांबी सारखी हवी. आत कोणतं बकरम घालता ते विचारा. हलक्या प्रतीचं चिकटवायचं बकरम धुण्यात सुटतं आणि कॉलरवर फुगे येतात.

४. चौकड्या: खिशावरच्या रेषा खालच्या रेषांशी जुळतात का? बटणपट्टीवर जुळतात का? इथे कापड बेतणाऱ्याची नजर कळते.

५. काज: काजाचे धागे दाट हवेत, लोंबणारे दोरे नकोत.

आणखी एक खूण धुतल्यानंतर दिसते. काही पँटींची बाजूची शिवण दोन-चार धुण्यांत फिरून पुढे येते. कापडाचे उभे धागे पायाच्या लांबीत सरळ ठेवून बेतायचे असतात. कापड वाचवायला तुकडे तिरके बसवले की पाय असा पिळतो. मग कितीही इस्त्री करा, उपयोग नाही.

माप देताना आपल्याही चुका होतात

पोट आत ओढून माप देऊ नका. शिंप्याला फसवता येतं, जेवणानंतरच्या कंबरेला नाही. खिशातलं पाकीट आणि मोबाइल काढा, अंगावर जाड कपडे नकोत. पँटची लांबी देताना जे बूट घालणार आहात तेच घालून जा. ‘स्लिम फिट’ म्हटलं की प्रत्येकाच्या मनात वेगळं चित्र असतं. त्यापेक्षा आवडता शर्ट दाखवा आणि ‘यापेक्षा कंबरेत इंचभर कमी’ असं आकड्यात बोला.

पहिल्यांदा एकच शर्ट टाका, तोही मध्यम भावाच्या कापडाचा. घाला, दोनदा धुवा, मग जे खटकलं ते जाऊन सांगा. शिंपी ते वहीत लिहून घेतो आणि दुसरा शर्ट पहिल्यापेक्षा बरा येतो. लग्नाच्या चार दिवस आधी अनोळखी दुकानात महागडं कापड टाकणारे नंतर शिंप्याच्या नावानं बोटं मोडतात. शाळा सुरू होण्याआधीचे गणवेशाचे दिवस, दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे आणि ऐन लगीनसराई सोडून जा. त्या दिवसांत ‘उद्या या’ ऐकावंच लागतं.

परवडणारं म्हणजे कुणाला परवडणारं?

आता थोडं कडू. हे सगळं समजून घेतल्यावर आपण करतो काय, तर ४५० ची शिलाई ४०० करून मागतो.

माझ्या शिंपीकाकांनी मला एकदा हिशोब सांगितला होता. एका फुल शर्टाला बेतण्यापासून काज-बटण आणि इस्त्रीपर्यंत त्यांचे सगळे मिळून चार तास जातात. त्या ४५० रुपयांतून दुकानाचं भाडं, वीज, दोरा, बकरम, बटणं जातात. कारागीर असेल तर त्याला नगावर मजुरी द्यायची. कमी केलेले पन्नास रुपये भाड्यातून कमी होत नाहीत, विजेच्या बिलातूनही नाहीत. ते त्या दोन माणसांच्या हातातूनच जातात. नाहीतर मग टाके विरळ होतात, बकरम हलकं येतं, माया कमी होते. घासाघीस करून आपण आपलाच कपडा कापून घेतो. ब्रँडच्या दुकानात मात्र छापील किमतीपुढे आपण गप्प असतो.

या धंद्यात नवी मुलं का येत नाहीत, याचं उत्तरही इथेच आहे. आयटीआयमध्ये शिवणकामाचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीही आहेत. त्यात अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजानं एक लाखापर्यंत कर्ज मिळू शकतं. हे चांगलंच आहे. पण कर्जानं मशीन येते, योग्य शिलाई देणारं गिऱ्हाईक येत नाही. काकांचा मुलगा कुरिअर कंपनीत आहे. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार येतो, म्हणून. त्याला दोष कसा द्यायचा?

गेल्या दिवाळीत काकांनी दुकान बंद केलं. डोळ्यांना सुईत दोरा दिसेना. बाबा त्यांना भेटायला गेले तेव्हा काकांनी वहीतली आमच्या घराची दोन पानं फाडून दिली. बाबांची कंबर ३० पासून ३६ पर्यंत कशी गेली, ते सालवार लिहिलेलं होतं. खाली माझं माप आणि त्यापुढे शेरा: डावा खांदा उतरता, खिसा खोल.

ते पान घेऊन मी पुण्यात नवा शिंपी शोधला. अल्टरवाल्या काकांनीच पत्ता दिला. त्यांनी पान वाचलं, हसले, आणि तरीही माप पुन्हा घेतलं. बरोबरच होतं ते.

थोडक्यात:

• नाव विचारण्याआधी तयार कपडा आतून बघा: माया, टाके, कॉलर, चौकड्या, काज.

• पन्हा विचारून कापड घ्या, सुती असेल तर भिजवून द्या.

• बरी बसणारी जुनी पँट किंवा शर्ट सोबत न्या.

• पहिली ऑर्डर एकाच नगाची, सणासुदीची गर्दी टाळून.

• काम आवडलं तर सांगितलेली शिलाई पूर्ण द्या, आणि दुसऱ्याला पत्ताही द्या.