बंदूक देवघरात, कुलूप कुठे?

खंडेनवमीला आपल्या सीमाभागात बंदुकीचा थाट पाहावा! खानापूर, चंदगडपासून सावंतवाडीपर्यंत ज्या घरी पीक-संरक्षणाचा परवाना आहे, त्या घरी ती खुंटीवरून खाली येते. नळी तेलाने पुसली जाते, दस्त्याला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ चढते. दुसऱ्या दिवशी सोने लुटून झाले की स्वारी पुन्हा खुंटीवर. या सगळ्या सोपस्कारात एक वस्तू मात्र मला कुठे दिसत नाही, आणि ती म्हणजे कुलूप. तांदळाच्या कोठीला कुलूप आहे, मोटारसायकलीच्या चाकालाही आहे. पण जी एका क्षणात माणूस मारते तिला खुंटी पुरते, असे आपण धरून चाललो आहोत. या समजुतीशीच मला आज भांडायचे आहे.

मी बंदुकीचा वैरी नव्हे. आमच्या घरात आजोबांपासून ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आले की रात्ररात्र माळ्यावर बसणे काय असते, हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. रानडुक्कर मारायलाही वन्यजीव कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून बहुतेकदा बार हवेतच काढायचा असतो, हेही ठाऊक आहे. शेतकऱ्याची बंदूक काढून घ्या, असे मी म्हणत नाही. ती मालकाच्याच हातून चालावी, दुसऱ्या कुणाच्या नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर पहिले उत्तर ठरलेले: "बंदुकीला खटका असतोच की!" असतो. पण खटका मालकाच्या सोयीसाठी असतो. तो पाच वर्षांच्या पोरालाही सरकवता येतो. कुलपाला किल्ली लागते. हे कुलूप साधेच असते. एका प्रकारात दोन तुकडे चापाच्या कड्यावर दोन्ही बाजूंनी बसतात आणि चापापर्यंत बोट पोचतच नाही. दुसऱ्यात प्लास्टिक चढवलेली तार असते. मोडून भरायच्या एकनळीत वा दुनळीत ती नळीतून ओवली की बंदूक मिटत नाही, मग काडतूस भरणार कुठे? ठासणीच्या बंदुकीला चापाचे कुलूप आणि केपांची डबी वेगळ्या कुलपात. नियम एकच: आधी बार काढून बंदूक रिकामी करायची, मगच कुलूप. भरल्या बंदुकीच्या चापाशी कुलपाची खटपट करणे हाच एक अपघात आहे.

"आमची पोरे शिस्तीची आहेत," हे दुसरे उत्तर. बिहारच्या सुपौल जिल्ह्यात ३१ जुलै २०२४ रोजी पाच वर्षांच्या मुलाने घरातले पिस्तूल दप्तरातून शाळेत नेले आणि दहा वर्षांच्या मुलावर गोळी झाडली. नशिबाने ती हातावर निभावली. पाच वर्षांच्या मुलाच्या शिस्तीवर घर सोडणाऱ्याला काय म्हणावे? आणि धोका फक्त पोरांचा नाही. भाऊबंदकीतला संताप, दारूची धुंदी, कर्जाने खचलेल्या माणसाची एखादी काळी रात्र, हे सारे आपल्या गावांनी पाहिले आहे. असा क्षण बहुधा ओसरतो. बंदूक हाताशी नसेल तर तो ओसरायला वेळ मिळतो. किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असणे म्हणजे तेवढा वेळ मिळणे.

कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे खूळ. मग अमेरिकेचेच पाहू. तिथे २००५ च्या कायद्याने परवानाधारक दुकानदाराला पिस्तुलाबरोबर कुलूप किंवा तसेच साधन देणे भाग पडले. ते लावलेच पाहिजे, असे मात्र त्या कायद्याने म्हटले नाही. ३० नोव्हेंबर २०२१ ला मिशिगनमधील ऑक्सफर्ड गावी पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. पिस्तूल बापाने चारच दिवस आधी घेतलेले. त्याबरोबरचे तारेचे कुलूप पाकिटातून काढलेलेही नव्हते, असे खटल्यात पुढे आले! २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. दिलेले कुलूप आणि लावलेले कुलूप यांतले अंतर चार लेकरांच्या प्राणांनी मोजले गेले.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: चोर दारात आला तर किल्ली शोधत बसायचे का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये राजधानी वॉशिंग्टनचा असाच कायदा रद्द केला. घरातही बंदूक सुटी करून वा चापाला कुलूप घालूनच ठेवा, असा तो होता. स्वसंरक्षणालाही सवड नव्हती. पण मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९८ मध्येच वाट दाखवली होती: बंदूक मालकाच्या अंगावर वा ताब्यात असेल तर कुलूप नको, ठेवून दिली की कुलूप हवेच. माळ्यावर बसलेल्या शेतकऱ्याला कुलूप लावा असे कोण म्हणतो? सकाळी तो घरी येऊन झोपला की मगच कुलपाची वेळ सुरू होते.

आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र मागितले आहे. पण ते हमीपत्र वाचतो कोण? सीमाभागातला मराठी माणूस कानडी वा इंग्रजी मजकुराखाली सही ठोकतो आणि मोकळा होतो. निवडणूक आली की मात्र हीच बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ च्या लोकसभेला १६ मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आचारसंहिता होती. मतपेटीच्या रक्षणासाठी बंदूक अडीच महिने सरकारी कुलपात राहू शकते, तर घरच्या लेकराच्या रक्षणासाठी आपल्याच कुलपात का राहू नये?

म्हणून मागणी तीन गोष्टींची. परवाना देताना आणि नूतनीकरणाच्या वेळी कुलूप प्रत्यक्ष दाखवणे सक्तीचे करा. हमीपत्र अर्जदाराच्या भाषेत द्या, म्हणजे सही करणाऱ्याला कशावर सही केली ते कळेल. आणि किल्ली कुणाकडे, हे हमीपत्रात लिहून घ्या. सरकार हे करील तेव्हा करील. तोवर घरच्या बायकांनी एक करावे: बंदूक रिकामी झाली का हे विचारावे, कुलूप लागल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि पोरांना ठाऊक नसलेल्या जागी किल्ली ठेवायला लावावी. मराठीत कुलूप म्हणा, कानडीत बीग म्हणा. ते लावायला भाषा आड येत नाही, आड येतो तो "आपल्याकडे असे काही होत नाही" हा आपला माज.