गाण्याला स्वतःचं घर हवं

भैरवी अर्धी झाली होती आणि मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात येऊन उभे राहिले. ‘ताई, आवरा आता. सकाळी वऱ्हाड उतरायचंय.’ आमच्या महिला संगीत मंडळाचा कोजागरीचा कार्यक्रम होता. गाणारी मुलगी घरची धुणीभांडी आटोपून रियाज करते. तिनं गाणं थांबवलं आणि सगळ्यांची माफी मागितली. माफी तिनं का मागायची, हे मला अजून उलगडलेलं नाही.

त्या रात्री मला शीवचं षण्मुखानंद सभागृह आठवलं. माझी नणंद माटुंग्याला राहते, तिच्याबरोबर एकदा तिथे कर्नाटक संगीत ऐकायला गेले होते. भाषा कळत नव्हती. पण शेजारच्या आजी मांडीवर हातानं ताल धरून बसल्या होत्या, त्यांचं बघून मीही धरायला लागले. चुकले की त्या हसून माझा हात थोपटायच्या. ऑफिसातून थेट आलेल्या बायका डब्याची पिशवी पायाशी ठेवून निवांत ऐकत होत्या. ‘उठा’ म्हणायला कोणी आलं नाही.

ही ‘सभा’ म्हणजे मैदानातली भाषणांची सभा नव्हे बरं का! दक्षिणेकडची मंडळी संगीत मंडळालाच सभा म्हणतात. नोकरीधंद्यासाठी मुंबईत आलेल्या या कुटुंबांनी माटुंगा-शीव भागात बिऱ्हाडं थाटली आणि बिऱ्हाडाबरोबर गाणंही आणलं. तिथल्या तीन संस्था १९५२ मध्ये एकत्र आल्या आणि षण्मुखानंद सभा झाली. १९६३ मध्ये तिचं स्वतःचं सभागृह उभं राहिलं. १९९० मध्ये ते आगीत जळालं. सभा काही मोडली नाही. १९९८ मध्ये सभागृह पुन्हा उघडलं, सुमारे २,७०० खुर्च्यांचं! एरवी ते इतरांना भाड्यानंही देतात, पण तिथे घरमालक गाणं आहे. आमच्याकडे गाणं भाडेकरू, तेही लग्नाची तारीख नसेल तरच.

आणि आमचं हे भाड्याचं घर तरी कसं? खाली गुळगुळीत फरशी, वर पत्रा, चारी भिंती उघड्या. गायिकेचा एक सूर विरायच्या आत दुसरा त्यावर आदळतो, तंबोरा तर ऐकूच येत नाही. मग माईकवाला आवाज वाढवतो आणि गोंगाट अधिकच होतो. गाण्यासाठी बांधलेल्या सभागृहात घुमणारा आवाज शोषायला भिंतींना आणि छताला खास आवरणं असतात. खुर्च्यासुद्धा गादीच्या का, तर रिकाम्या खुर्चीनंही बसलेल्या माणसाइतकाच आवाज शोषावा म्हणून! मला हे कळलं तेव्हा गंमतच वाटली. आपल्याला वाटतं, गादी पाठीसाठी.

आपल्याला एवढं मोठं नकोच आहे. दोनशे माणसं बसतील असा हॉल, शेजारी तंबोरे-पेट्या ठेवायला कुलपाची खोली आणि बायकांसाठी स्वच्छ संडास एवढं झालं तरी पुष्कळ. (हे शेवटचं पुरुषांच्या आराखड्यात हमखास विसरलं जातं.) दुपारी दोन ते पाच ती खोली आमची असली, तर ‘स्वयंपाकघरात काय आलाप घेतेस?’ हे कोणाला ऐकावं लागणार नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पण आमच्या गावात मंदिराच्या सभामंडपाला बायकांनीच घरोघर फिरून वर्गणी गोळा केली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. अडचण दुसरीच आहे. एवढ्याशा गावात आमचं मंडळ, एक भजनी मंडळ आणि एक संगीत विद्यालय. तिघांच्या तीन पेट्या, तिन्हींचे भाते फाटलेले, आणि एकाच्या कार्यक्रमाला दुसरा पाऊल टाकत नाही. यात आम्हीही आलोच.

गेल्या रविवारी दोन्हीकडच्या बायकांना मी घरी चहाला बोलावलं. भजनी मंडळाच्या काकू आल्या आणि तीन तास बसल्या. जुन्या धान्य गोदामाची जागा ग्रामपंचायतीकडून मिळेल का, याची चौकशी त्याच करणार आहेत. विद्यालयाच्या बाईंचा फोन आला, ‘आमच्यात विचारून सांगते.’ पुढच्या रविवारी पुन्हा चहा ठेवला आहे. कप तेवढेच काढणार आहे.