फेटा चढवला की झाला भारतीय?

गेल्या चवथीच्या सुट्टीत मी एक छोटा शिपाई पुरा केला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेला मराठा पलटणीचा जवान. अंगात ब्रिटिश गणवेश, डोक्यावर लोखंडी हेल्मेट. याच छंदातल्या एका स्नेह्याने तो पाहिला आणि म्हणाला, "हा तर इंग्रज वाटतो. फेटेवालं डोकं लाव, म्हणजे भारतीय दिसेल." तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे. 1/35 प्रमाणात पावणेसहा फुटी माणूस होतो पाच सेंटिमीटरचा, त्याचे डोके जेमतेम साडेसहा मिलिमीटर. किटमधली प्लॅस्टिकची डोकी पोलादी साच्यातून निघतात. तो साचा वाकत नाही, त्यामुळे नाकाखालचे, हनुवटीखालचे खळगे नीट उतरत नाहीत आणि सगळे चेहरे एकाच आईची लेकरे वाटतात. रेझिनचे सुटे डोके सिलिकॉन रबराच्या लवचिक साच्यात ओततात, म्हणून त्यात ओठ, पापण्या, गालफडे जिवंत दिसतात. इंग्लंडच्या हॉर्नेटची डोकी त्यासाठीच नावाजलेली. हल्ली तर संगणकावर घडवून थेट छापतात. किटचे डोके कापायचे, मानेत खळगा करायचा, सुपरग्लूने नवे बसवायचे. बस्स.

म्हणजे बाहुल्याला माणूसपण देणारी वस्तू कोणती, तर हे डोके. आणि आपण त्याचाच उपयोग शिक्का मारायला करतो! फेटा म्हणजे भारतीय, हेल्मेट म्हणजे गोरा.

शीख जवानांनी हेल्मेट नाकारून फेटाच बांधला, हे खरे, आणि तो त्यांचा मान आहे. पण इटलीत मराठे होते, गढवाली होते, पंजाबी मुसलमान होते. लढाईत ते हेल्मेट घालत. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि तिथेच पडले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना वाचवून मशीनगनच्या चौक्या मोडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, जिचे केंद्र आपल्या शेजारी बेळगावात आहे. यांना फेटा चढवायचा? का? तर बघणाऱ्याला सोपे जावे म्हणून?

तुम्ही म्हणाल, मग ओळखायचा कसा? चेहऱ्यावरून! रेझिनचे चांगले उघडे डोके घ्या. त्याचा माथा कापून हेल्मेट बसवा. त्वचेला आपल्या मातीचा रंग द्या, मिशी द्या. खाली पट्टीवर पलटणीचे नाव लिहा. बघणाऱ्याने दोन मिनिटे वाकून बघावे. चित्रशाळेत गणपतीचे डोळे आखताना आपण श्वास रोखून उभे राहतोच की! तिथे कोणी म्हणत नाही, सोंड आहे ना, मग डोळे कसेही चालतील.

परदेशी माणसाने भारतीय म्हणजे फेटा समजावे, हे एक वेळ चालेल. त्याला कोण सांगणार? पण आपणच आपल्या माणसाला ओळखेनासे झालो, तर इटलीच्या मातीत गेलेल्या त्या पोरांना इंग्रज ठरवणारे आपणच.

माझा शिपाई हेल्मेटातच राहील. स्नेह्याला पुन्हा चहाला बोलावले आहे. या वेळी भिंग हातात देणार आहे.